आधी पाणी, मग हात

इलारिओ बुस्तामान्ते मला कधीच आवडला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईने मनात ठेवून सांगितलं. मनात ठेवायची मला सवयच नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, होल्टव्हिलच्या बाहेर, कालव्याला लागून, हॅस्लमसाहेबाचं ट्रकांचं आवार आहे, आणि त्या आवाराच्या फाटकाशी माझी खाण्याची गाडी उभी असते. इलारिओ रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. कॉफीचा एक घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "डोन्या एदुविहेस, दालचिनी आज पण जास्त झालीये." एकदा मी मुद्दाम दालचिनी टाकलीच नाही. त्या दिवशीही ती जास्तच होती.

माणूस काटकुळा. इथल्या उन्हात लोक बनियनवर फिरतात, पण याच्या शर्टाला कडक इस्त्री आणि गळ्यापर्यंत बटणं. एका खुब्यातून लंगडायचा. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तो चालायला लागला की लांबूनच खुळखुळ ऐकू यायची. ती ऐकली की हसणारे ड्रायव्हर हसायचे थांबायचे. माझ्या गाडीपाशी टेकून उभे असलेले पुरुष, घरी बायकोवर गुरकावणारे, तोंडातला घास गिळायलाही कचरायचे. मला त्यांचाही राग यायचा.

त्याची गोष्ट तशी चारचौघांसारखीच. सीमेपलीकडे मेक्सिकोत जन्मला, पोरवयात खरबुजं वेचली, मग अलीकडे येऊन खरबुजांच्याच शेडमध्ये राबला, मग ट्रकवर चढला. दक्षिणेची फेरी करायचा, म्हणजे लॉस एंजेलिस, फीनिक्स आणि परत घरी. खुबा निकामी झाला तेव्हा हॅस्लमने त्याला हाकलला नाही, कारण सरकारी नियमांचं पुस्तक इंग्रजीत वाचून त्याचा अर्थ लावू शकणारा आवारात तो एकटाच होता. हॅस्लमला स्वतःला वाचायचा कंटाळा. म्हणून इलारिओ नियमांचा माणूस झाला आणि उत्तरेच्या फेरीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला गेल्या; निघताना द्यायचा, फेरीवरून आलं की परत घ्यायचा.

उत्तरेची फेरी म्हणजे हिवाळ्यातली. जगात सगळीकडे थंडी असते तेव्हा आमच्याकडे लेट्यूस आणि गाजरं निघतात. माणसं इथून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघतात, अर्धा माल सॅक्रामेंटोला उतरवतात आणि उरलेला घेऊन डॉनरचा घाट चढून रीनोला जातात. त्या घाटात बर्फ पडतो. बर्फ पडला की रस्त्याकडेची इशाऱ्याची पाटी पेटते, आणि पाटी पेटली की ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नाहीत. ट्रक वाळवंटातून आला की स्वर्गातून, हे नियम विचारत नाही. आमच्या निम्म्या ड्रायव्हरांनी बर्फ पाहिला होता तो फक्त सोड्याच्या पेल्यात.

सरकारचा नियम एवढाच. त्यावर इलारिओने स्वतःचा एक चढवला होता. दर शरद ऋतूत प्रत्येक ड्रायव्हरने आवारात, त्याच्यासमोर, साखळ्या बांधून दाखवायच्या. जमलं तर उत्तरेची किल्ली, नाही तर नाही. आमच्याकडचा शरद म्हणजे डांबर बुटाला चिकटतं असा. ट्रकच्या पोटाशी लटकलेल्या साखळ्या उन्हात अशा तापतात की हात लावला तर कातडी निघते. पहिल्या वर्षी दोघातिघांचे तळवे भाजले. तेव्हापासून इलारिओने पायरी ठरवली: साखळ्या खाली पसरायच्या, त्यावर बादलीभर पाणी ओतायचं, मगच हात लावायचा. "आधी पाणी, मग हात!" तो काळी छत्री धरून उभा राहायचा आणि हे ओरडायचा. माणसं घामाने निथळत चाकाखाली लोळायची आणि हा सावलीत. पाण्याआधी कुणाचं बोट जरी साखळीला लागलं तरी, "नापास. पुढच्या वर्षी या."

आणि आणखी एक. घाटात पिवळी जाकिटं घातलेली माणसं असतात, पैसे घेऊन साखळ्या बांधून देतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, त्यांना रीतसर परवाना असतो. पण इलारिओला ती चालायची नाहीत. "ज्याने दुसऱ्याकडून बांधून घेतल्या त्याची किल्ली गेली," असं तो सांगायचा आणि ते अर्धं बोट वर करायचा. "साखळी कुणाची ओळख ठेवत नाही." सगळे त्या बोटाकडे बघायचे. ते वर, घाटात, बर्फाने किंवा साखळीने खाल्लं असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. तो तसं कधी म्हणाला नव्हता. नाही असंही म्हणाला नव्हता.

आता माझ्या भावाकडे येते. मेलितोन माझ्याहून धाकटा. अंगाने भला थोरला, मनाने लोणी. लहानपणी आई म्हणायची, याला विहिरीत उडी मार म्हटलं तर हा विचारेल, बूट काढू का? तो दक्षिणेची फेरी करायचा. उत्तरेची किल्ली मिळावी म्हणून त्याने डोकं चालवलं, म्हणजे त्याला वाटलं चालवलं. पोरीच्या बाप्तिस्म्याला इलारिओला धर्मपिता केलं. त्याने दोघे एकमेकांचे कोम्पाद्रे झाले. हे नातं लागलं की आमच्यात अरेतुरे संपतं आणि अहोजाहो सुरू होतं. कोम्पाद्रेवर आवाज चढवायचा नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, जन्मभर.

मेलितोनला वाटलं, आता किल्ली मिळालीच. इलारिओने त्याला लागोपाठ तीनदा नापास केलं. दर वेळी पाण्यावरच. मेलितोन घाबरला की त्याचा हात पुढे जातो, हे पहिल्यापासूनचं आहे. बादली बाजूला राहायची आणि हा साखळीला हात घालायचा. भाजायचा, ओरडायचा, आणि छत्रीखालून आवाज यायचा, "कोम्पाद्रे, तुम्ही नापास." अहोजाहो करून केलेल्या पाणउताऱ्याइतकं झोंबणारं दुसरं काही नसतं. इतर ड्रायव्हर शिट्या मारायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी एकदा खिडकीतून ओरडले, "अहो डॉन इलारिओ, पोरीचे धर्मपिता ना तुम्ही? बापाला उपाशी मारून पोरीला काय आशीर्वाद देणार?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोन्या, तुम्ही बीन्स जाळताय." खरंच जळत होत्या. त्याने मला आणखीच चीड आली.

मग हॅस्लमने दक्षिणेच्या गाड्या विकायला काढल्या. नाताळानंतर ज्याच्याकडे उत्तरेची किल्ली नाही त्याला काम नाही, असं त्याने सांगून टाकलं. मेलितोनचं वय झालेलं, दुसरीकडे कोण घेणार? चौथ्या खेपेआधी त्याने घरामागच्या अंगणात जुन्या साखळ्या आणून पसरल्या आणि रोज संध्याकाळी सराव केला. पाणी, हात. पाणी, हात. त्याची बायको म्हणायची, झोपेतसुद्धा हा पाणी-हात बडबडतो. एके दिवशी माझ्या गाडीत तव्याचा दांडा धरायच्या आधी त्याने त्यावर पेलाभर पाणी ओतलं. "अरे, वेडा झालास का?" मी म्हणाले. तो म्हणाला, "चुकून, एदू. हात आपोआप गेला." चौथ्या खेपेला तो पास झाला. इलारिओने किल्ली हातात दिली, अभिनंदन वगैरे काही नाही. "घाटात कुणाकडून बांधून घेऊ नका, कोम्पाद्रे." एवढंच.

पुढचं मेलितोनने मला सांगितलं ते सांगते.

जानेवारीत तो गेला. घाटाच्या पायथ्याशी पाटी पेटलेली होती. रस्त्याकडेला रुंद जागा असते, तिथे ट्रक ओळीने लागलेले. खाली उतरला तर घोट्यापर्यंत बर्फ आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी. पिवळ्या जाकिटाचा एक माणूस हसत हसत आला. आमच्या गाड्यांची दारं हिरवी असतात, ती बघून म्हणाला, "हिरवं दार! नेहमीसारखंच ना? चेमा नाही आला का या वेळी?"

"मी स्वतः बांधणार आहे," मेलितोन म्हणाला.

त्या माणसाला आधी कळेना. मग तो म्हणाला, "बाबा रे, इतकी वर्षं इथे उभा आहे. हिरव्या दारातून साखळी बांधायला आजवर एकजण खाली उतरला नाही. सगळ्यांच्या आम्हीच बांधतो."

मेलितोनला हे नवंच होतं. पण तो कोम्पाद्रेला शब्द देऊन आला होता. त्याने साखळ्या काढल्या, चाकांपुढे बर्फावर पसरल्या. सुती हातमोजे घातले, आवारात घालतो तेच. मग तो थांबला.

"मला माहीत होतं, एदू," तो मला म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मी काही मूर्ख नाही. बर्फ पायाखाली होता. साखळी थंड होती हे मला दिसत होतं. पण हात साखळीकडे नेला की कानात तो आवाज यायचा. कोम्पाद्रे, नापास. हात पुढे जाईचना. मी केबिनमधला पाण्याचा कॅन काढला."

आणि त्याने ओतलं.

पिवळ्या जाकिटाच्या माणसाने बाकीच्यांना हाक मारली. साखळ्या रस्त्याला चिकटून बसल्या. साखळ्यांच्या आकड्यांवर बर्फाची साय धरली, ते उघडेनात. ओले हातमोजे लोखंडाला चिकटले, ते सोडवताना मेलितोनच्या बोटाची कातडी गेली. हातोडी घेऊन तो गुडघ्यांवर बसून ठोकत राहिला. मागचे ट्रक बांधून झाले, निघून गेले. शेवटी रस्ते खात्याचा एक माणूस आला, चांगला बोलला म्हणे, पण म्हणाला की जागा मोकळी करा, आता वर सोडता येणार नाही, खाली परत जा. संध्याकाळी घाट बंद झाला आणि दोन दिवस बंदच राहिला. रीनोच्या व्यापाऱ्याने तोवर दुसरीकडून माल उचलला. मेलितोन मलूल लेट्यूस घेऊन माघारी आला.

तो पोचायच्या आधीच आवारात सगळ्यांनी त्याला बघितलं होतं. पिवळ्या जाकिटातल्या कुणीतरी फोनवर त्याचं चित्रण केलं होतं आणि ते चेमापर्यंत आलं होतं. चेमा म्हणजे उत्तरेच्या ड्रायव्हरांमधला सगळ्यात मोठा आवाज. तो माझ्याच खिडकीशी उभा राहून, माझाच माचाका, म्हणजे सुक्या मांसाची भुर्जी, खात, सगळ्यांना दाखवत होता. "बघा, बघा, आता कॅन काढतो! आंघोळ घालतोय साखळीला!" पोटं धरून हसत होते सगळे. मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि कचऱ्यात टाकली.

"अहो डोन्या, अर्धं व्हायचंय!"

"घाटात जाऊन खा," मी म्हणाले.

मेलितोनने त्या रात्रीपर्यंत तोंड उघडलं नाही. मग सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "हिरव्या दाराचं कुणाला बोलू नकोस. त्यांच्या किल्ल्या जातील."

"तुझी गेली त्याचं काय?"

"माझी एकट्याचीच गेली."

असा भाऊ देवाने मला दिला. मी कपाळाला हात लावला, पण शब्द मात्र दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅस्लम आवारात आला. तो एरवी येत नाही, आला की कुणाचं तरी काही जातं. उत्तरेच्या गाड्या भरून उभ्या होत्या. मेलितोनची गाडीही ताजा माल भरून तयार होती, ती आता दुसऱ्या कुणाला द्यायची होती. ड्रायव्हर भिंतीशी ओळीने उभे, इलारिओ पुढे, किल्ल्या कमरेला. मेलितोन एका बाजूला, बोटांना चिंध्या गुंडाळून. माझी खिडकी उघडी होती. मी कांदा चिरायचं नाटक करत होते.

"साखळ्यांवर पाणी ओतायला याला कुणी शिकवलं?" हॅस्लमने विचारलं.

"मी," इलारिओ म्हणाला. डोळ्याची पापणी हलली नाही. "आणि जे शिकवलं ते बरोबर आहे. इतकी वर्षं माझे ड्रायव्हर घाटात जातात. कुणाची साखळी गोठली नाही. याची एकट्याची गोठली तर दोष कुणाचा?" तो ओळीकडे वळला. "चेमा, तुझी गोठली कधी?"

"कधीच नाही, डॉन इलारिओ."

"दुसऱ्या कुणाची?"

माना हलल्या. नाही. नाही. एकेकाचा चेहरा असा की जणू चर्चमध्ये उभे आहेत. मेलितोन मूग गिळून गप्प. कोम्पाद्रेपुढे आवाज चढवायचा नाही ना! इलारिओ त्याला म्हणाला, "कोम्पाद्रे, तुम्ही माझी मान खाली घालायला लावलीत."

तिथे माझा बांध फुटला. मी काही त्याची कोम्पाद्रे नव्हते. सुरी हातात तशीच राहिली आणि मी गाडीतून खाली उतरले.

"गोठेल कशी? हात लावला तर गोठेल ना! विचारा या शहाण्यांना, घाटात साखळीला शेवटचा हात कधी लावला. पिवळ्या जाकिटवाल्यांना चेमाचं नाव पाठ आहे! हिरव्या दारातून आजवर एक माणूस खाली उतरला, आणि तो हा उभा आहे. हा एकटा! आणि त्याची किल्ली काढून घेताय?"

"डोन्या, ती सुरी खाली ठेवा," चेमा म्हणाला.

"तू आधी तोंड उघड!"

चेमाने हॅस्लमकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "साहेब, थंडी फार असते वर," तो पुटपुटला. "सगळेच बांधून घेतात. थोडे पैसे जातात, पण वेळ वाचतो."

हॅस्लम हसायला लागला. मला वाटलं होतं चिडेल. पण तो हसला. इलारिओ हसला नाही. तो ओळीसमोरून लंगडत गेला आणि एकेकापुढे थांबला. "तू?" मान हलली. "तू?" मान हलली. किल्ल्यांची खुळखुळ आणि ते तू, तू. शेवटच्या माणसापाशी पोचेस्तोवर त्याचा आवाज इतका उतरला होता की मला ऐकू आला नाही. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू? आणि मी तिथे थांबले नाही.

"आणि डॉन इलारिओ, तुम्ही?" मी म्हणाले. "तुम्ही किती वेळा बांधल्यात वर? बर्फ हातात धरला की कसा लागतो, सांगा की आम्हाला."

तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट बघितलं असेल.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी घाटात गेलेलो नाही."

"मग ते बोट?" चेमा ओरडला.

"खरबुजाच्या शेडमध्ये. पट्ट्यात अडकलं."

कुणी हसलं नाही. मग एकदम सगळेच बोलायला लागले, शिव्या द्यायला लागले. इतकी वर्षं उन्हात लोळवलं, कातडी सोलली, आणि म्हातारा स्वतः बर्फ बघितलेला नाही! आणि हे तेच लोक, जे क्षणभरापूर्वी माना खाली घालून उभे होते. एकाने तर बाटलीचं झाकण त्याच्यावर भिरकावलं. इलारिओने शर्ट झटकला, एवढंच.

हॅस्लमने हात वर केला. "ठीक आहे. साखळ्या ते पिवळे लोक बांधतात, चांगल्या बांधतात, तर मग हा तमाशा कशाला? आजपासून बंद. इलारिओ, किल्ल्या चेमाकडे दे आणि दुपारी ऑफिसात ये, तुझा हिशेब करू." मग मेलितोनकडे बोट. "आणि याला मी घाटात पाठवू शकत नाही. सगळ्या बाजाराने ते चित्रण बघितलंय. लोक हसतात माझ्या गाड्यांना."

म्हणजे मी बोलून काय मिळवलं? ज्याचा राग होता त्याचं काम गेलं, आणि ज्याच्यासाठी बोलले त्याचंही गेलं. चेमाच्या हातात किल्ल्या. मेलितोन माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, आणि तेच मला सहन होईना.

चेमा हात पुढे करून आला. इलारिओने कमरेचा जुडगा काढला. पण चेमाच्या हातात दिला नाही. त्या अर्ध्या बोटाने एक किल्ली शोधून वेगळी काढली आणि मेलितोनपाशी गेला.

"पाणी ओतलंत?" त्याने विचारलं.

"ओतलं," मेलितोन म्हणाला.

"हात लावायच्या आधी?"

"आधी."

"स्वतः बांधायला बसलात? कुणाला हात लावू दिला नाहीत?"

"नाही."

"सगळ्या आवारात माझं ऐकणारा एकच निघाला," इलारिओ म्हणाला. कौतुकाने नाही, कडवटपणे, जणू त्याला दुसरा कुणी निघायला हवा होता. किल्ली मेलितोनच्या चिंध्या बांधलेल्या हातात ठेवली. "तुम्ही पास. बाकी सगळे नापास."

आणि तो वळून फाटकाबाहेर निघाला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत कालव्याच्या काठाशी पोचला होता. हात मागे नेला आणि जुडगा फेकला. चांगला मधोमध पडला. कालव्याला त्या दिवसांत धार असते, तळ गाळाचा.

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू! हॅस्लमच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या की मला त्याच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला. दुसऱ्या किल्ल्या एल सेंत्रोला त्याच्या घरी, आणि त्याही कुठे ते त्याच्या बायकोलाच माहीत. चेमा कंबरभर पाण्यात उतरून पायाने गाळ चाचपत होता आणि बाकीचे काठावरून त्याला दिशा सांगत होते. भरलेल्या गाड्या तशाच उभ्या, त्यांची थंडाव्याची यंत्रं घुरघुरत, लेट्यूस आत, आणि हलू शकणारी गाडी सगळ्या आवारात एकच.

हॅस्लमने त्या गाडीकडे बघितलं, मग मेलितोनकडे बघितलं. त्याला मेलितोन आवडत नव्हता, पण रीनोचा व्यापारी दुसऱ्यांदा हातचा जाणं त्याला त्याहून नको होतं. "जा," तो म्हणाला. "काय बघतोस? जा!"

मेलितोन गेला आणि माल पोचवून आला. घाटात पाटी पेटलेली होती, पिवळी जाकिटं तोंड वासून बघत होती, आणि याने स्वतः बांधल्या. हॅस्लम पुढे त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. मेलितोन अजून उत्तरेची फेरी करतो. इलारिओचा हिशेब मात्र त्याच दुपारी झाला, आणि त्यातून किल्ल्यांचे पैसे कापले. ड्रायव्हर बरेच दिवस माझ्याकडे खायला आले नाहीत, मग भूक लागल्यावर आले. इलारिओ मात्र कधीच आला नाही. दालचिनीबद्दल कुणी कुरकुर करत नाही आता, आणि त्याचंही मला वाईट वाटत नाही. मला तो आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. माझ्या भावाच्या डोक्यात त्याने स्वतःचा आवाज घातला होता, तो इतका की बर्फात उभं राहूनही भावाला बर्फ दिसला नाही. याची माफी मी देणार नाही.

पण त्या सकाळचं एक राहिलं. मेलितोन गाडीत चढला होता, इंजिन चालू. इलारिओ कालव्यावरून लंगडत परत आला आणि त्याच्या दाराला हात लावून उभा राहिला. मी जवळच होते.

"मी तुमचे आभार मानणार नाही," मेलितोन वरून म्हणाला. कोम्पाद्रेपुढे इतक्या कोरड्या आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"मागितले का मी?"

"मग हात काढा. मला उशीर होतोय."

इलारिओने हात काढला नाही. त्याने खाली डांबराकडे बघितलं, ओठ हलवले, परत मिटले. छत्रीखालून आख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस, त्याचा आवाज माझ्यापर्यंत जेमतेम आला.

"वर पाणी ओतायचं नाही, कोम्पाद्रे."

मेलितोनने काच वर केली. गाडी हलली तेव्हा इलारिओचा हात दारावरच होता, आणि तो काढायच्या आधी दोन पावलं त्याला तिच्याबरोबर चालावं लागलं.